तिरक्या काजाचं जाकीट

गौतमभाऊ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सुमनवहिनी माझ्या दुकानात आल्या. मी एका ब्लाउजला हुक लावत बसले होते. हातातलं टाकून उठले, स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत. दाराची चौकट धरून म्हणाल्या, "ताई, ह्यांचा एक फोटू पायजे. पुऱ्या तोंडाचा. आपरेशनच्या आधीचा."

"अहो वहिनी, फोटोचं दुकान तुमचं, आणि फोटो मागायला माझ्याकडं आलात?" माझ्या तोंडून निघून गेलं. माझी जीभ अशीच आहे, वेळ बघत नाही, जागा बघत नाही. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. नुसती मान हलवली. "सगळं बघितलं. न्हाई घावत."

रविवारी पुण्यानुमोदन होतं. बौद्ध मंडळींत माणूस गेल्यावर सगळे जमतात, वंदना होते, गेलेल्याबद्दल चार जण बोलतात आणि फोटोपुढे फुलं ठेवतात. त्या फोटोचं अडलं होतं. शेवटची दोन वर्षं गौतमभाऊंना डावा गाल आणि निम्मा जबडा नव्हता. तंबाखूनं खाल्ला, डॉक्टरांनी काढून टाकला. आधारकार्डावरचा फोटो त्यानंतरचाच. तरुणपणी लग्नात काढलेला एक होता, पण त्यातला पोरगा मिसरूडही न फुटलेला, तो कुणाला ओळखू येणार? मोबाइलमध्ये चार-दोन होते. एकात पाठमोरे, एकात हललेले, एकात जयंतीच्या मिरवणुकीतला झेंडा नेमका तोंडावर आलेला. बाकी घरातल्या सगळ्या फोटोंत भाऊ नव्हतेच, कारण कॅमेऱ्याच्या मागे तेच उभे.

"जलमभर नीट दिसत व्हते," वहिनी म्हणाल्या. "लोकं शेवटचं बघनार. तसलं तोंड खुर्चीवर ठेवायचं न्हाई मला."

पवन मावळातल्या निम्म्या घरांतली गेलेली माणसं ज्यानं फोटोत नीटनेटकी करून बसवली, त्याच्या घरात त्याचा एक धड फोटो नसावा? मला रडू यायच्या आधी रागच आला. भाऊंचाच.

पवनानगरच्या स्टॅंडसमोर आमचे दोन गाळे शेजारी शेजारी. माझं लेडीज टेलरचं आणि त्यांचं 'करुणा फोटो ॲण्ड फ्लेक्स'. करुणा त्यांची लेक. मधे भिंत नव्हती, प्लायवूड होतं. म्हणजे त्यांच्याकडं शिंक आली तरी माझ्या मशीनवरचा धागा हलायचा. सकाळी शटर वर गेलं की आधी माउस पुसायचे, मग कीबोर्ड, मग खुर्ची, आणि सगळं पुसून झालं की तळहातावर तंबाखू चोळत कालच्या अर्धवट फोटोकडे बघत बसायचे. मी पलीकडून ओरडायचे, "सुरू झालं का?" ते म्हणायचे, "ही शेवटची, शोभाताई." माझ्या लग्नापासून मी ती शेवटची ऐकत आले.

आधी ते लोणावळ्याला पॉइंटवर असायचे. गळ्यात कॅमेरा अडकवून, पर्यटकांना दरीकडे पाठ करून उभं करायचं, फोटो काढायचा आणि लगेच छापून हातात द्यायचा. मग ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल आला. "माज्या गळ्यातला क्यामेरा नुसता वजनाला उरला," असं ते सांगायचे. तेव्हा गाव गाठलं आणि जुना कॉम्प्युटर घेऊन हा गाळा थाटला.

फ्लेक्सवाले झाडून सगळे एक महागडं सॉफ्टवेअर वापरतात, आणि सगळ्यांचंच चोरीचं असतं. कॉम्प्युटरवाला पोरगा भाऊंनाही तेच टाकून देत होता. ते नको म्हणाले. त्यांनी गिंप म्हणून एक फुकट मिळतं ते घेतलं. सगळे हसायचे. मीही म्हटलं, "अहो, सगळं गाव करतं, तुम्हालाच काय धाड भरली?"

"ताई, दुसऱ्यानं क्येलं तर हुशारी. आमी क्येलं तर चोरी. मला न्हाई परवडत." हे ते अगदी साधेपणी बोलले, कपबशी बाजूला ठेवावी तसं. मग एकदम त्यांचा चेहरा खुलला. "आन् ह्ये बगा की! कुटल्या कुटल्या देशातली मानसं बसून बनवत्यात आन् वाटून टाकत्यात. घेनाऱ्याला आडनाव बी इचारत न्हाईत."

गिंप ते दुपारी शिकायचे. कुणीतरी हिंदीत समजावून सांगणारे व्हिडिओ मोठ्यानं लावायचे आणि पाठोपाठ स्वतः बोलायचे, शाळेतल्या पोरानं पाढे म्हणावेत तसं. प्लायवूडच्या कृपेनं मलाही सगळं पाठ झालं. हे थर, ही सावली, हा ब्लर, हा चकाकीचा फिल्टर. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी पोरांना मागं आग पाहिजे, विजा पाहिजेत, डोळ्यांवर काळा गॉगल आणि त्या गॉगलमध्ये पुन्हा आग पाहिजे. भाऊ सगळं द्यायचे. "ह्याच्या घरात ग्यास संपलाय आन् ह्याला माझ्याकडनं जाळ पायजे," असं मला हळूच सांगायचे आणि दोघं हसायचो.

एकदा तर मज्जाच झाली. एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. लोणावळ्याला पॉइंटवर फोटो काढलेला, पण मागं नुसतं धुकं, पांढरं फट्ट. नवरा म्हणाला, "दादा, धुकं काढून दरी दाखवा ना." भाऊंनी आपल्या जुन्या साठ्यातली दरी काढली, यांच्या मागं लावली. ते जातात न जातात तोच धरणाकाठचा कॅंपवाला आला. त्याचा फोटो कडक उन्हातला. त्याला जाहिरातीसाठी धुकं पाहिजे होतं. भाऊ मला ओरडून सांगतात, "शोभाताई, वाया काई जात न्हाई बगा! त्यांचं काडलं, ह्यांना लावलं!" तो कॅंपवाला अजून तोच फोटो वापरतो. उन्हाळ्यात लोक येऊन धुकं मागतात आणि तो भाऊंच्या नावानं बोंब मारतो.

पण त्यांचं खरं नाव होतं ते गेलेल्या माणसांच्या फोटोंसाठी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो कुठं असतात? आधारला, नाहीतर कुणाच्या तरी लग्नात जेवताना. बनियनवर, डोळे अर्धे मिटलेले, केस उडालेले. घरचे रडत रडत मोबाइल पुढे करायचे आणि म्हणायचे, भाऊ, एवढं चांगलं करून द्या. भाऊ त्यांना बसवायचे, पाणी द्यायचे, मग विचारायचे, "टोपी वाकडी घालत व्हते का सरळ?" "कपाळाला कायम आट्या असायच्या का?" कुणी सुरकुत्या काढायला सांगितल्या तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या की. शेतात जाऊन कमावल्यात त्या." बायकांचे फोटो आले की सुमनवहिनींना बोलवून घ्यायचे आणि पदर कसा घ्यायचा ते त्यांना विचारून करायचे.

आणि एक वाक्य तर ते दिवसातून चार वेळा म्हणायचे. "पुसायचं न्हाई, झाकायचं." म्हणजे असं की फोटोतला नको तो भाग रबरानं पुसला तर तो गेला, कायमचा. त्यापेक्षा त्याच्यावर मास्क चढवायचा. मास्कवर काळा रंग मारला की खालचं झाकलं जातं, पांढरा मारला की परत उघडं पडतं. खाली सगळं शाबूत. मला समजावं म्हणून माझ्याच धंद्यातलं सांगायचे, "तुमी ब्लाउज आत दुमडून ठेवता, कापत न्हाई, उद्या बाई जाड झाली तर उसवता येतंय. तसंच ह्ये." त्यांच्याकडं शिकायला म्हणून कुणीही आलं की आधी हे वाक्य. एकदा करुणानं घाईत रबर वापरलं तर तिला एवढे ओरडले की पोरगी रडत घरी गेली. ज्या माणसानं कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही तो एका रबरासाठी एवढा का पेटतो, ते मला काही केल्या कळायचं नाही.

आता त्या जाकिटाचं सांगते. करुणाचा साखरपुडा ठरला तेव्हा भाऊ कापड घेऊन माझ्याकडं आले. मोतिया रंगाचं. म्हणाले, "पोरीच्या सासरची मानसं येनार. एकदा तरी बापासारखं दिसावं." मी म्हटलं, मी लेडीज टेलर, मला जाकीट कुठलं जमायला? पण ऐकेनात. शिवलं. शेवटचं वरचं काज करताना लाइट गेली, आणि मी आपली हट्टानं बॅटरीच्या उजेडात केलं. ते तिरकं झालं. थोडंसंच, पण माझ्या डोळ्यांत सलायचं.

घालून बघायला आले ते इतके रुबाबदार दिसले की मी बघतच राहिले. मुळात उंच, खांदे भरलेले, सरळ. त्यांनी कॅमेरा स्टॅंडवर लावला, मला म्हणाले, "शोभाताई, एवडं बटन दाबा. आमचा बी एक असू द्या." मग ताठ उभे राहिले, फाशी द्यायला नेल्यासारखे. मी म्हटलं, "भाऊ, अहो हसा की जरा, साखरपुडा आहे!" आणि ते हसले. दोन्ही गालांनी. मी बटण दाबलं.

तो साखरपुडा पुढे तसाच पार पडला, बाप दिवसभर कॅमेऱ्यामागं. पण त्याच्या आधी, या फोटोनंतर दोन दिवसांनी माझे सासरे गेले.

आबा. आमच्या आबांबद्दल खोटं बोलून उपयोग नाही. शिस्तीचा माणूस, कष्टाळू, जमिनीवर जीव. पण जुन्या वळणाचे. गौतमभाऊ घरी आले की आबा ओट्यावरच बोलायचे. त्यांच्यासाठी एक स्टीलचा पेला कोनाड्यात वेगळा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो पेला बघून माझं डोकं फिरलं होतं. मी भांडले, पण नवी सून, माझं कोण ऐकतंय? पुढं कागदी कप आले आणि आबांची सोय झाली. पेला गेला, सगळ्यांनाच कागदी कप, बोलायला जागा नाही.

तर आबा गेले, आणि त्यांचा फोटो म्हणजे आधारचा, उघड्या गळ्याचा. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स संध्याकाळपर्यंत लागायला पाहिजे, असा भावकीचा धोशा. आमचे हे धावत भाऊंकडं गेले. संध्याकाळी फ्लेक्स लागला. आबा असे दिसत होते की गावानं तोंडात बोटं घातली. टोपी, पांढरा सदरा, वर मोतिया जाकीट, रुंद खांदे. आबा आयुष्यात कधी इतके ऐटबाज नव्हते. बायका रडत होत्या आणि मी आपली जाकिटाकडं बघत होते. वरचं काज तिरकं होतं.

दहावं झाल्यावर दुकान उघडलं तशी मी पहिली त्यांच्या गाळ्यात शिरले. "गौतमभाऊ, आमच्या आबांच्या अंगात माझं जाकीट कसं आलं?"

त्यांनी आधी काचेचं दार ओढून घेतलं. "हळू बोला, ताई. येळच नव्हता. दुसरं अंग घावलं न्हाई."

"म्हणजे हे तुमचं..."

"माजंच." मग खाली मान घालून म्हणाले, "आबांना कळलं आस्तं तर तिरडीवरनं उठून बसलं आस्तं." सुतक संपलेलं, पण घरात दुःख ताजं होतं, आणि मी पदर तोंडात कोंबून हसले. हसता हसता मला तो कोनाड्यातला पेला आठवला आणि हसू राहिलं. ते म्हणाले, "कुनाला बोलू नका. तुमच्या घरात वाद व्हईल, माजा धंदा बसंल." मी बोलले नाही. माझ्यासारख्या बाईनं ही गोष्ट पोटात ठेवली, हेच मोठं.

गंमत म्हणजे आबांचा तो फोटो लोकांना इतका आवडला की पुढं ज्याच्या घरी कुणी गेलं तो येऊन म्हणायचा, "आबांच्यासारखा करून द्या." मग तेच खांदे. भाऊ जाकिटाचा रंग बदलायचे. कुणाला निळं, कुणाला कॉफी, एका सरपंचांना तर भगवं. बांधावरून उभं आयुष्य एकमेकांशी भांडलेले दोन सख्खे भाऊ वर्षाच्या आत गेले, दोघांच्याही घरात तेच अंग लागलं, एकाला हिरव्या आणि एकाला तपकिरी जाकिटात. मी म्हणायचे, "निदान ते काज तरी सरळ करा हो." ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. तेवडं बघून माझं मला वळखू येतं."

एकदा असल्याच एका मोठ्या घरात ते बारशाचे फोटो काढायला गेले होते. परत आले ते थेट माझ्या गाळ्यात येऊन बसले. "शोभाताई, भितीवर फोटू, हार घातलेला. हळदकुकू लावलेलं. त्याच्याच खाली खुर्ची टाकली आन् मला चा दिला. कपबशीत." ते हसत होते, पण डोळे काही हसत नव्हते. "वर बी मीच, खाली बी मीच. वरच्याला नमस्कार करून खालच्याला इचारत्यात, तुमी कुटल्या आळीतले?" मी पुन्हा चहा मागवला.

मग तोंडात जखम झाली. ती बरी होईना. मी आरडाओरडा करून त्यांना तपासायला पाठवलं तोवर उशीर झाला होता. पिंपरीला ऑपरेशन झालं. परत आले ते तोंडाला उपरणं गुंडाळून. बोलणं कळायचं नाही, मला मात्र प्लायवूडमधून ऐकायची सवय, मला कळायचं. दुकान सोडलं नाही. करुणाच्या लग्नात सगळे फोटो काढले, स्वतः एकातही आले नाहीत. जावई ओढत होता, "पप्पा, एक फक्त." भाऊ कॅमेरा पुढे धरून त्याच्याच मागं.

एके दुपारी त्यांच्याकडं माझी मापाची टेप विसरली म्हणून गेले तर स्क्रीनवर ते स्वतः होते. आधारचा तो नवा फोटो. मला बघून त्यांनी बंद केला नाही. उजवा गाल उचलून, उलटा करून, डाव्या जागी बसवला होता. कडा मऊ केल्या होत्या, रंग जुळवला होता, सावलीसुद्धा घातली होती. काम इतकं सफाईचं की शिवण दिसत नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, अहो छान झालाय की!"

बराच वेळ ते बघत राहिले. मग त्या अडखळत्या बोलण्यात म्हणाले, "ह्यो कोन हाय, ताई? दोन्ही बाजू सारख्या असनारं मानूस नसतंय." आणि सेव्ह न करता बंद केलं. मी माझ्या गाळ्यात आले आणि मशीन जोरात चालवत रडले, म्हणजे पलीकडं ऐकू जाऊ नये. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

तर वहिनी दारात उभ्या होत्या आणि मला एकदम आठवलं. "वहिनी, आहे! अहो मीच काढलाय! जाकीट घातलेला, हसतानाचा!" आणि मग मला सगळं सांगावं लागलं, आबांचं, खांद्यांचं, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मी म्हटलं, "पण काळजी नको. त्यांचं वाक्य ठाऊक आहे ना? पुसायचं नाही, झाकायचं. आबांचं तोंड वर असलं तरी खाली भाऊंचं असणारच. मास्क काढला की झालं."

करुणा चिंचवडहून आलेलीच होती. शटर उघडलं. खुर्चीवर त्यांचं उपरणं तसंच होतं, वहिनींनी ते उचलून मांडीवर घेतलं. करुणानं शोधत शोधत ती फाइल काढली. उघडली. जाकीट आलं, खांदे आले, तिरकं काज आलं. गळ्याच्या वर मात्र नुसत्या राखाडी-पांढऱ्या चौकड्या. चित्रात काहीच नसतं तिथं गिंप चौकड्या दाखवतं.

"मास्क काढ की," मी म्हटलं.

करुणानं इथं दाबलं, तिथं दाबलं. मग म्हणाली, "काकू, मास्क नाहीये. पप्पांनी रबरानं पुसलंय."

"मग मागं घे ना. ते अनडू का काय ते."

"बंद केलेल्या फाइलीला अनडू नसतं, काकू." कॅमेऱ्यातला मूळ फोटो बघितला, तो तर कधीच गेलेला. कार्ड साखरपुड्याला रिकामं करून वापरलेलं. दोन दिवसांत दुसरा फोटो काढू, असं भाऊंना वाटलं असेल. जाकीट तेच, माणूस तोच, घाई कसली? तेव्हा मास्क त्यांना येतही नसेल. आमच्या आबांचा फ्लेक्स वेळेवर लागावा म्हणून त्यांनी स्वतःचं हसू पुसलं आणि सेव्ह केलं. ते वाक्य कुठून आलं होतं ते मला तिथं, त्या खुर्चीमागं उभं राहून कळलं. करुणा कीबोर्डवर डोकं ठेवून रडायला लागली.

वहिनी रडल्या नाहीत. त्या चौकड्यांकडे बघत होत्या. "ह्ये अंग कुटं कुटं लावलंय?" त्यांनी विचारलं. करुणानं डोळे पुसून दुसरा फोल्डर उघडला. एकाखाली एक, ओळीनं, गावोगावची गेलेली माणसं, टोप्यांतली, फेट्यांतली, सगळ्यांना तेच खांदे. वहिनी एकेकावर बोट ठेवून घराणं ओळखत गेल्या. सगळ्यात वर आमचे आबा होते. तिथं बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोट काढून घेतलं.

मग आधारचा फोटोच घ्यायचा ठरला, भाऊंच्याच खांद्यांवर. करुणानं बापासारखाच उजवा गाल उलटा करून डावीकडं लावून बघितला. वहिनी लगेच म्हणाल्या, "ह्यो कोन?" मी त्यांना सांगितलं की भाऊंनीही हेच विचारलं होतं, अगदी याच शब्दांत. त्यांनी मांडीवरच्या उपरण्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "काड त्यो गाल. जसं व्हते तसं लाव." आजारपणातली मान त्या जाकिटात हरवून गेली. शिवणारीच्या डोळ्याला ते लगेच दिसलं, मी म्हटलं, "गळा सैल पडतोय, करुणा, थोडा आवळ." वहिनींनी मला अडवलं. "नगं, ताई. बारीक झालं व्हते की. सैल व्हनारच."

रविवारी विहारात सगळं गाव लोटलं. खुर्चीवर तोच फोटो, पुढं मेणबत्त्या. लोक येत होते, फूल ठेवत होते, आणि जरा थबकत होते. ते भांडकुदळ दोन भाऊ होते ना, त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या शेजारी येऊन म्हणाला, "काकी, गौतमभाऊ आस्सं उभं ऱ्हायलेलं कुटंतरी बघितल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "रोज तर बघत होतास स्टॅंडवर." आणखी काय सांगणार?

कार्यक्रम आटोपला. घरी येऊन मी दिवाबत्तीची तयारी करत होते, तर अंगणात वहिनी उभ्या. पांढरं लुगडं, पायांना विहारातली धूळ. इतक्या वर्षांत त्या ओट्याच्या आत कधी आल्या नव्हत्या. आबा गेल्यावर मी बोलवायचे, त्या म्हणायच्या, हितंच बरं. त्या दिवशी मी हात धरून आत आणलं. त्यांना कुठं जायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

फ्लेक्सवरचाच फोटो फ्रेम करून आम्ही भिंतीवर लावला होता, त्या फोटोतल्या आबांपुढं वहिनी उभ्या राहिल्या. आबा तसेच, कपाळाला आठी, टोपी सरळ, मोतिया जाकीट. वहिनींनी काचेवरून तिरक्या काजापाशी अंगठा फिरवला. मग हात वर नेला आणि तळवा आबांच्या तोंडावर ठेवला. पूर्ण झाकेल असा. खाली उरले ते फक्त खांदे. त्या बघत राहिल्या आणि तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी दाराशी उभी राहून रडले, आवाज न करता. एवढा मोठा माणूस गेला आणि त्याच्या बायकोला तो बघायला माझ्या घरी यावं लागलं.

"हितं रोज दिवा लावता?" हात न काढता त्यांनी विचारलं.

"लावते, वहिनी."

"लावत जावा," त्या म्हणाल्या, आणि मग आबांच्या तोंडावरचा हात काढला.